खाजगी महाविद्यालयाची निवड : एक ऐतिहासिक विचार

बारावीच्या परीक्षेचे निकाल लागले की आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : मुलाला अथवा मुलीला पदवीसाठी कोठे घालावे? शासकीय महाविद्यालये थोडी, त्यांतील जागा मोजक्या. म्हणून बहुतेकांची वाट अखेरीस खाजगी महाविद्यालयाच्या दाराशीच जाते. तेथे मग कोणी इमारत पाहतो, कोणी जाहिरात वाचतो, कोणी शेजारच्या मुलाने घेतले तेच महाविद्यालय पसंत करतो. तीन-चार वर्षांचे आयुष्य आणि कुटुंबाची वर्षानुवर्षांची शिल्लक ज्या निर्णयात गुंतलेली असते, तो आठवड्याभरात उरकला जातो. हे खाजगी महाविद्यालय म्हणजे मुळात काय, ते आपल्या महाराष्ट्रात कसे जन्मास आले आणि त्याचे रूप कसे पालटले, हे ज्ञातिबांधवांनी एकदा समजून घेतल्यास निवडीचे काम पुष्कळ सुकर होईल, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे.

सरकारी महाविद्यालयांचा काळ

मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 साली झाली. बी. ए. ची पहिली परीक्षा 1862 साली झाली आणि तीत चौघे उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकी दोघे. त्या काळी निवडीचा प्रश्न फारसा नव्हताच. मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालय होते. पुण्यास 1821 साली पेशवाईतील दक्षिणा निधीतून निघालेली संस्कृत पाठशाळा होती व तिचेच पुढे 1864 साली डेक्कन कॉलेज असे नामकरण झाले. ही दोन्ही सरकारी. त्यांच्या जोडीला मिशनऱ्यांची महाविद्यालये होती. डॉ. जॉन विल्सन यांनी मुंबईत 1832 साली काढलेल्या शाळेतून विल्सन महाविद्यालय वाढले, आणि जेझुइट पाद्र्यांनी 1869 साली सेंट झेवियर महाविद्यालय सुरू केले. नागपुरास हिस्लॉप महाविद्यालय 1883 साली निघाले. काटेकोर अर्थाने पाहता या प्रांतातील पहिली खाजगी महाविद्यालये ही मिशनऱ्यांचीच होत.

सरकारचे धोरणही खाजगी प्रयत्नांस अनुकूल होते. 1854 सालच्या वूड यांच्या खलित्याने खाजगी संस्थांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले. 1882 साली नेमलेल्या हंटर आयोगाने सरकारने उच्च शिक्षणातून हळूहळू अंग काढून ते खाजगी संस्थांकडे सोपवावे, अशी दिशा दाखविली. त्याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले आणि शेतकऱ्यांच्या करातून जमणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो व बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, ही तक्रार निर्भीडपणे मांडली. शिक्षणाचा पैसा कोणाचा व लाभ कोणाचा, हा प्रश्न अशा रीतीने प्रारंभीच विचारला गेला होता.

त्यागावर उभी राहिलेली महाविद्यालये

1880 सालच्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. गोपाळ गणेश आगरकर व माधवराव नामजोशी हेही त्यांस येऊन मिळाले. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व 1885 सालच्या जानेवारीत फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. शिक्षण सुलभ करावे आणि स्वस्त करावे, हा या मंडळींचा जाहीर हेतू होता. मात्र शिक्षण स्वस्त व्हावयाचे तर त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी सोसावी लागते. ती येथे शिक्षकांनी सोसली. आजीव सदस्य होणाऱ्याने दरमहा 75 रुपयांच्या वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे वचन द्यावयाचे, असा दंडक पडला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ते वचन पाळले. केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन आलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी मोठ्या पगाराच्या जागा बाजूस सारून हेच व्रत पत्करले.

या व्रताचा अर्थ किती कडक असावा, यावरून मतभेदही विकोपास गेले. आजीव सदस्यांनी संस्थेबाहेरची मिळकत घ्यावी की घेऊ नये, या वादाची परिणती 1890 साली टिळकांच्या राजीनाम्यात झाली. हा वाद आपल्या आजच्या विषयाशी अगदी निकट आहे. खाजगी महाविद्यालयातून कोणी किती पैसा घ्यावा, हा प्रश्न त्याच्या जन्माच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतच उपस्थित झाला होता, आणि त्यावरून एवढ्या थोर पुरुषांचे मार्ग वेगळे झाले.

पुढील अर्धशतकात ही परंपरा फोफावली. पुण्यात 1916 साली न्यू पूना कॉलेज निघाले. तेच पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालय झाले. त्याच वर्षी महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. सांगलीस 1919 साली विलिंग्डन महाविद्यालय, पुण्यात 1932 साली वाडिया महाविद्यालय, मुंबईत माटुंग्यास 1937 साली रुईया महाविद्यालय उभे राहिले. पोटाला चिमटा काढून मुलांना शहरात धाडणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीस हीच नावे ठाऊक होती.

वसतिगृह आणि दार

तथापि एका गोष्टीचा विसर पडता कामा नये. महाविद्यालय निघाले म्हणून ते सर्वांना खुले झाले असे नव्हे. शुल्क परवडले तरी राहावयाचे कोठे व जेवावयाचे कोठे, हा प्रश्न उरेच. आणि ज्ञातिभेदाच्या त्या काळी तो फारच बिकट होता. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 सालापासून कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेले समाज आदी निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास साहाय्य दिले, आणि खेड्यातील मुलांस राजाराम महाविद्यालयाची वाट मोकळी झाली. ज्ञातिसंस्थांनी वसतिगृहे काढावीत, शिष्यवृत्त्या द्याव्यात, ही प्रथा महाराष्ट्रात रुजली ती मुख्यतः या उदाहरणामुळे. आपल्यासारख्या मंडळांचा जन्मही याच विचारातून झाला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली व 1924 साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढून पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या संस्थेने 1947 साली साताऱ्यात काढलेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा व शिका’ ही योजना चालली. गरीब विद्यार्थ्याने श्रम करावेत व स्वाभिमानाने पदवी मिळवावी, हा तिचा हेतू होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे स्वतःचे महाविद्यालयीन शिक्षण बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या दरमहा 25 रुपयांच्या शिष्यवृत्तीने पार पडले. 1945 साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. 1946 साली मुंबईत निघालेल्या तिच्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत, जेणेकरून नोकरी करणाऱ्या तरुणासही शिकता यावे. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. तेथील मुलास पदवीसाठी हैदराबादेस उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठात जावे लागे. औरंगाबादेस 1950 साली याच सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी, 1958 साली स्थापन झाले. विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुख यांनी शिवाजी शिक्षण संस्थेच्या द्वारे हेच कार्य केले.

या सर्व संस्था खाजगीच होत्या. परंतु त्यांच्या खाजगीपणाचा अर्थ असा की, काही माणसांनी स्वतःचे आयुष्य वा धन खर्ची घातले, समाजाने वर्गणी दिली, सरकारने अनुदान दिले; विद्यार्थ्याच्या वाट्यास खर्चाचा लहानसाच अंश आला. पुढे शिक्षकांच्या वेतनाचा भार सरकारने उचलल्यावर तर तो अंश आणखी घटला. आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात ‘खाजगी महाविद्यालय’ या शब्दाविषयी जो आदर आहे, तो या काळाची देणगी होय.

शब्द तोच, अर्थ निराळा

1953 साली कर्नाटकाच्या किनारपट्टीवर मणिपाल येथे डॉ. टी. एम. ए. पै यांनी खाजगी वैद्यकीय महाविद्यालय काढले. विद्यार्थ्यांकडून मोठी रक्कम घेऊन संस्था चालविण्याची पद्धत दक्षिणेत पसरली, आणि महाराष्ट्रातील सधन घरांतील मुले ‘देणगी’ भरून तिकडे जाऊ लागली. तो ओघ थांबावा व राज्यातच जागा वाढाव्यात, या विचाराने मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने 1983 साली विनाअनुदान तत्त्वावर तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयांस परवानगी दिली. या निर्णयाने लहान गावांतील हजारो मुले अभियंते झाली, हे नाकारता येणार नाही. परंतु त्याच निर्णयाने खाजगी महाविद्यालयाचा मूळ व्यवहार उलटा झाला. पूर्वी संस्थापक खर्च सोशीत व विद्यार्थी शिके. आता विद्यार्थ्याच्या शुल्कावर संस्था चालू लागली.

त्यानंतरचा इतिहास बहुतांशी कायद्याचा व न्यायालयांचा आहे. महाराष्ट्राने 1987 साली देणगीबंदीचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने 1992 साली मोहिनी जैन, 1993 साली उन्नीकृष्णन, 2002 साली टी. एम. ए. पै प्रतिष्ठान व 2005 साली इनामदार या खटल्यांत निकाल दिले. त्यांचे सार असे की, खाजगी संस्थेस स्वतःचे शुल्क ठरविण्याचा अधिकार आहे, परंतु नफेबाजी करण्याचा व देणगी उकळण्याचा नाही. 2015 सालच्या राज्याच्या कायद्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशावर व शुल्कावर नियंत्रण ठेवणारी प्राधिकरणे आली. बी.बी.ए., बी.सी.ए. यांसारखे अभ्यासक्रमही 2024-25 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आणले गेले.

कला, विज्ञान व वाणिज्य शाखाही या बदलातून सुटल्या नाहीत. 2001 नंतर ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर महाविद्यालये व तुकड्या निघाल्या. परिणामी एकाच जुन्या, नामांकित महाविद्यालयाच्या एकाच इमारतीत एक तुकडी अनुदानित व दुसरी विनाअनुदानित असते. पाटी एक, परंतु शुल्क निराळे. पुष्कळदा शिक्षकही निराळे, कोणी कायम तर कोणी तासिका तत्त्वावर. पालक नाव पाहून निश्चिंत होतो आणि पावती हाती आल्यावर चकित होतो.

इतिहासाने शिकविलेली विचारपूस

यास्तव ज्ञातिबांधवांस सांगणे आहे की, संस्थेच्या जुन्या पुण्याईवर विसंबून राहू नये. फुल्यांनी, टिळकांनी, भाऊरावांनी जे प्रश्न आपापल्या काळी विचारले, तेच आज पालकाने प्रवेशापूर्वी विचारावेत.

पहिला प्रश्न पैशाचा. मुलाची तुकडी अनुदानित की विनाअनुदानित, शुल्काचा आकडा मान्य झालेला आहे काय, तो एका वर्षाचा की पूर्ण पदवीचा, वसतिगृह, खाणावळ व परीक्षा यांचा खर्च किती, याचा हिशेब कागदावर मांडावा. पावतीवाचून एक रुपयाही देऊ नये. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशास बहुतेक शासकीय शिष्यवृत्त्या लागू होत नाहीत, हे पुष्कळांस पैसे भरून झाल्यावर समजते. शेतीचा तुकडा विकून अथवा व्याजाने रक्कम काढून प्रवेश घेणाऱ्या कुटुंबास ही एक चूक दहा वर्षे पुरते.

दुसरा प्रश्न शिक्षकांचा. ज्या विषयात पदवी घ्यावयाची, त्या विभागात पूर्णवेळ अध्यापक किती, ते किती वर्षांपासून तेथे आहेत, प्रयोगशाळा व ग्रंथालय प्रत्यक्ष वापरात आहेत काय, हे जाऊन पाहावे. शिकत असलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोलावे. छापील पुस्तिकेपेक्षा ते अधिक खरे सांगतात. 1994 साली स्थापन झालेल्या ‘नॅक’ या संस्थेचे मूल्यांकन ठराविक मुदतीपुरतेच असते. म्हणून फलकावरील श्रेणी कोणत्या वर्षाची, हेही वाचावे.

तिसरा प्रश्न मान्यतेचा. महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे आणि नेमका तोच अभ्यासक्रम मान्य आहे काय, याची खात्री विद्यापीठाकडूनच करून घ्यावी. खाजगी विद्यापीठ स्वतः पदवी देते; तेथे त्याच्या स्थापनेचा कायदा व विद्यापीठ अनुदान आयोगाची यादी पाहावी. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्यास आयोगाने 2018 साली मनाई केली आहे, हे ध्यानात असू द्यावे. आणि शेवटी दाराचा प्रश्न : आपल्या मुलीस तेथे सुरक्षित राहता येईल काय, मराठी माध्यमातून आलेल्या मुलास तेथे हात धरून पुढे नेणारे कोणी आहे काय? कित्येकदा घराजवळच्या तालुक्याच्या ठिकाणचे साधे अनुदानित महाविद्यालय या कसोटीस दूरच्या झगमगत्या संस्थेपेक्षा सरस उतरते.

ही विचारपूस एकट्या कुटुंबास जड जाते, विशेषतः ज्या घरात महाविद्यालयाची पायरी प्रथमच चढली जात आहे त्यास. शंभर वर्षांपूर्वी मुलाच्या निवाऱ्याची अडचण होती, म्हणून ज्ञातिसंस्थांनी वसतिगृहे बांधली. आज अडचण माहितीची आहे. ज्यांची मुले गेल्या पाच-दहा वर्षांत पदवीधर झाली, त्या कुटुंबांनी आपापल्या महाविद्यालयाचा खर्च व अनुभव लिहून मंडळाकडे द्यावा. मंडळाने तो जपावा आणि निकालाच्या दिवसांत दोन जाणती माणसे कार्यालयात बसवून येणाऱ्या पालकास तो दाखवावा. यास फारसा निधी लागत नाही. वीस वर्षे 75 रुपयांवर शिकविणाऱ्यांच्या महाराष्ट्रात एवढे श्रम कोणास अवघड वाटू नयेत. येत्या वर्षी या कार्यास प्रारंभ व्हावा, अशी सर्व ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती आहे.