सायकलींच्या देशातलं भांडण

हॉलंड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तीन गोष्टी येतात. पवनचक्क्या, ट्यूलिपची फुलं आणि सायकली. तिकडे जाऊन आलेला प्रत्येक जण सायकलींचं वर्णन करतोच. तिथे आजीबाई सायकलवरून बाजारहाट करतात, प्राध्यापक सायकलवरून विद्यापीठात येतात, मोटारवाले थांबून सायकलला वाट देतात, वगैरे. आणि शेवटी एक वाक्य हमखास ऐकू येतं, "त्यांची संस्कृतीच तशी आहे हो! आपल्याकडे ते जमायचं नाही."

मला आज या वाक्याविषयीच बोलायचं आहे. कारण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर तिथल्या मोटारवाल्यांनी सायकलवाल्यांना आनंदाने वाट दिली, असं दिसत नाही. तिथेही भांडण झालं, कडाक्याचं झालं आणि त्यात मुलांचे जीव गेले.

सुरुवात एका संस्थेपासून करू. १८८३ साली नेदरलँड्समध्ये सायकलस्वारांनी आपला एक संघ स्थापन केला. 'एएनडब्ल्यूबी' हे त्याचं संक्षिप्त नाव. चांगले रस्ते हवेत, दिशा दाखवणाऱ्या पाट्या हव्यात, सायकलींसाठी वेगळी वाट हवी, अशा मागण्या त्या काळी होत होत्या. १८८५ साली उट्रेख्त शहरातल्या मालीबान या झाडांच्या रस्त्याकडेला सायकलींसाठी स्वतंत्र पट्टा तयार झाला. म्हणजे चांगल्या रस्त्यांची चळवळ मोटारवाल्यांनी नव्हे, सायकलवाल्यांनी सुरू केली. इंग्लंड-अमेरिकेतही हेच घडलं. पुढे मोटार आली. संघाच्या सुखवस्तू सभासदांनी ती विकत घेतली आणि बघता बघता सायकलस्वारांचा हा संघ मोटारवाल्यांची सर्वांत मोठी संघटना बनला. नाव मात्र तेच राहिलं. त्या नावातलं एक अक्षर आजही 'सायकलस्वार' या शब्दाचं आहे!

दुसरी गोष्ट कराची. आपल्यापैकी साठीच्या पुढच्या मंडळींना नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला आठवत असेल. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत दरवर्षी पैसे भरून तो पत्र्याचा बिल्ला घ्यावा लागे. बिल्ला नाही म्हणून सायकल अडवली जाई, दिवा नाही म्हणून दंड होई आणि डबलसीट दिसलं तर हवालदार चाकातली हवा सोडून देई. माझ्या वडिलांच्या सायकलला असे तीन-चार जुने बिल्ले एकावर एक लावलेले होते. हा आपल्याकडचाच प्रकार, असं मला बरीच वर्षं वाटे. पण नेदरलँड्समध्ये १ ऑगस्ट १९२४ पासून अगदी असाच कर देशभर लागू झाला होता. वर्षाला तीन गिल्डर भरायचे आणि पितळी बिल्ला सायकलला लावायचा. बेकारांना तो फुकट मिळे, पण त्या बिल्ल्याला मधोमध एक भोक पाडलेलं असे. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही कळावं की हा माणूस फुकट्या बिल्ल्यावर चालला आहे! गरिबाला सवलत द्यायची आणि ती देताना त्याला खाली मान घालायला लावायची, ही रीत सर्वत्र सारखीच.

याहून मोठा विनोद पुढे आहे. या कराचा पैसा पुढे रस्तेनिधीत जाऊ लागला आणि त्या निधीतून जे मोठे रस्ते बांधले गेले त्यांचा खरा लाभ मोटारींना झाला. सायकलवाला पैसे भरत होता आणि मोटारवाला त्यालाच म्हणत होता, बाजूला हो. १९४१ साली जर्मन अमदानीत हा कर रद्द झाला.

महायुद्ध संपलं, देश सावरला आणि हातात पैसा आला. आधी मोपेड आल्या. त्या सायकलींच्या वाटेवरूनच धावत. मग मोटारी आल्या. १९६० साली त्या देशात सुमारे पाच लाख मोटारी होत्या. १९७० साली त्या पंचवीस लाखांच्या घरात गेल्या. रस्ते मात्र शेकडो वर्षांपूर्वीचे, कालव्याकाठचे आणि अरुंद. मग करायचं काय? १९५४ साली ॲमस्टरडॅमच्या पोलीसप्रमुखांनी, कासयाखर यांनी, सुचवलं की कालवे बुजवा आणि त्यांवर मोटारींसाठी रस्ते करा. ज्या कालव्यांसाठी आज जगभरचे लोक ते शहर बघायला जातात, ते कालवे! ती सूचना बारगळली. पण अनेक शहरांत जुन्या वस्त्या पडल्या, चौकांचे वाहनतळ झाले, सायकलींच्या वाटा रुंदीकरणात गेल्या. 'सायकल आता संपली' असं जाणकार म्हणू लागले आणि सायकलस्वारांची संख्या खरोखरच दरवर्षी घटत चालली.

मधेच १९६५ साली ॲमस्टरडॅममध्ये 'प्रोव्हो' नावाच्या तरुणांच्या गटाने एक खोडसाळ पण शहाणी योजना मांडली. पांढऱ्या रंगाच्या सायकली शहरभर ठेवायच्या, कुलूप लावायचं नाही, ज्याला लागेल त्याने घ्यायची आणि काम झालं की सोडून द्यायची. पोलिसांनी त्या सायकली जप्त केल्या. कारण काय? तर सायकल कुलूप न लावता ठेवणं नियमबाह्य होतं. आज जगभरच्या शहरांत भाड्याच्या सार्वजनिक सायकली दिसतात, त्यांचं मूळ या चेष्टेच्या विषयात आहे.

आता कथेचा कठीण भाग. १९७१ साली नेदरलँड्समध्ये रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली. देशाची लोकसंख्या तेव्हा सव्वा-दीड कोटीच्या आत होती. या मृतांमध्ये चारशेहून अधिक मुलं होती. शाळेत जाणारी, दारापुढे खेळणारी, सायकलवरची मुलं. फिक लांगेनहोफ या पत्रकाराचं स्वतःचं मूल असंच अपघातात गेलं. त्यांनी १९७२ साली आपल्या वृत्तपत्रात लेख लिहिला. मथळा होता : 'बालहत्या थांबवा'. 'अपघात' हा सोयीचा शब्द त्यांनी वापरला नाही. अपघात म्हटलं की दोष नशिबाचा होतो आणि हत्या म्हटलं की कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

त्या मथळ्याचंच नाव घेऊन एक चळवळ उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्षा मार्ट्ये फान पुटेन या ॲमस्टरडॅममधल्या तरुण आई होत्या. पुढे त्या युरोपीय संसदेच्या सदस्य झाल्या. या लोकांनी काय केलं? जिथे अपघात होत तो चौक अडवला. सायकलींचे मोर्चे काढले. एखादा रस्ता दिवसभर बंद करून तिथे मुलांना खेळायला सोडलं, टेबलं मांडून शेजाऱ्यांच्या पंगती घातल्या. पंतप्रधान योप डेन औल यांच्या घरासमोर सायकलींवरून जाऊन गाणी म्हटली, आणि पंतप्रधान बाहेर येऊन ऐकत उभे राहिले. १९७५ साली सायकलस्वारांची एक नवी संघटनाही निघाली, कारण जुनी तर केव्हाच मोटारीत बसली होती.

इतिहासात नुसती चळवळ पुरत नाही, वेळही जुळून यावी लागते. ती १९७३ साली जुळली. अरब-इस्रायल युद्धानंतर अरब देशांनी नेदरलँड्सचं तेल तोडलं. सरकारने रविवारी मोटारी चालवण्यावर बंदी घातली. ४ नोव्हेंबर १९७३ हा असा पहिला रविवार. त्या दिवशी महामार्गांवर मुलं चाकांचे बूट घालून फिरली, कुटुंबंच्या कुटुंबं सायकली घेऊन बाहेर पडली. बंदी दोन महिनेच टिकली. पण मोटारी नसताना आपलं गाव कसं दिसतं आणि कसं ऐकू येतं, हे लोकांना कळलं.

त्यानंतरही सगळं सुरळीत झालं, असं समजू नका. हेग आणि टिलबर्ग या शहरांत सरकारी खर्चाने सायकलींचा एकेक लाल रंगाचा मार्ग बांधला, तेव्हा हेगमधले दुकानदार खवळले. मोटारी थांबायला जागा राहिली नाही, तर गिऱ्हाईक येणार कुठून? ग्रोनिंगेन शहरात १९ सप्टेंबर १९७७ रोजी एका रात्रीत पाट्या बदलून शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले गेले. मोटारीने एका भागातून दुसऱ्यात थेट जाता येईना. बाहेरच्या वळणरस्त्याने फिरून यावं लागे. सायकल मात्र सरळ जाई. माक्स फान डेन बर्ग या ऐन तिशीतल्या नगरप्रतिनिधीने ही योजना रेटली. व्यापाऱ्यांनी त्यावर रान उठवलं. पण योजना टिकली आणि ग्रोनिंगेन आज त्या देशातल्या सायकलींच्या पहिल्या शहरांत गणलं जातं.

हेग आणि टिलबर्गच्या प्रयोगातून एक धडा मिळाला, तो आपण लक्षात ठेवण्याजोगा आहे. एकच उत्तम मार्ग बांधला तर आधीचे सायकलस्वार त्यावरून जाऊ लागतात. नवे फारसे येत नाहीत. कारण आईला मूल घरापासून शाळेपर्यंत पाठवायचं असतं, मधल्या दोन किलोमीटरपुरतं नव्हे. पुढे डेल्फ्टने गल्लीपासून हमरस्त्यापर्यंत जोडलेलं अख्खं जाळं विणलं, तेव्हा माणसं वाढली.

कायद्यानेही बाजू घेतली. मोटारीची सायकलस्वाराला किंवा पादचाऱ्याला धडक बसली, तर नुकसानभरपाईचा भार मुळात मोटारमालकावर पडतो. मोटारवाला नेहमी गुन्हेगारच असतो, असा त्याचा अर्थ नाही. पैसे त्याची विमा कंपनी देते. पण जो जड वाहन घेऊन रस्त्यावर उतरतो त्याची जबाबदारी जड, हे त्यामागचं तत्त्व. त्याला पदार्थविज्ञानाचाही आधार आहे. वेग ताशी तीसवरून पन्नास किलोमीटर झाला, तर धडकेतली ऊर्जा पावणेतीन पटींहून अधिक होते. सायकलवाला आणि मोटारवाला यांच्यातलं भांडण म्हणूनच दोन स्वभावांचं नाही, दोन वजनांचं आणि दोन वेगांचं आहे. दोघांनी सौजन्य पाळावं हे खरं, पण चुकीची किंमत दोघांना सारखी पडत नाही.

आज तिथे भांडण संपलं आहे का? मुळीच नाही. १९९९ साली मोपेडना वस्तीतल्या बहुतेक सायकलमार्गांवरून हटवून मोटारींच्या रस्त्यावर घालावं लागलं. ॲमस्टरडॅमने २०१९ साली हलक्या मोपेडनाही तसंच हटवलं. आता विजेच्या वेगवान सायकलींवरून वाद चालू आहेत. २०२३ साली त्या देशात रस्त्यांवर ६८४ माणसं मेली, त्यांत २७० सायकलस्वार होते आणि त्यांतले बरेच वयस्कर. ३,३०० वरून ६८४ हा प्रवास मोठा आहे, पण तो संपलेला नाही.

आता थोडं आपल्याकडे वळू. पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणत. १९६०च्या दशकात आकुर्डीत बजाजची स्कूटर बनू लागली. १९७२ साली चेतक आणि लूना दोन्ही आल्या. म्हणजे ज्या वर्षी तिकडे 'बालहत्या थांबवा' हा लेख छापला गेला, त्याच वर्षी आपल्या हाती किक आली. मी त्याला दोष देत नाही. ज्या कारकुनाने दहा मैल पायडल मारलं, त्याला लूना हे सुखच होतं. पण त्यानंतर आपण रस्ते आखताना सायकल जणू नाहीच, असं धरून चाललो. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटीबरोबर सायकलमार्ग आले. २०१७ साली महापालिकेने संपूर्ण सायकल आराखडाही मंजूर केला. ज्यांनी ते मार्ग पाहिले आहेत त्यांना माहीत आहे की तिथे गाड्या लावल्या जातात, मधेच विजेचा डीपी येतो आणि पुढे मार्ग एकाएकी संपतो. मग सायकलवाला मुख्य रस्त्यावर येतो आणि मागचा मोटारवाला हॉर्न वाजवून विचारतो, "तुला मार्ग दिलाय ना? मग इथे कशाला मरतोस?"

"ते तुकडे जोडलेले नाहीत" हे त्या प्रश्नाचं खरं उत्तर. पण ते देणारा सायकलवाला कोण असतो, हेही पाहा. हौशीने रविवारी पहाटे निघणारे वेगळे. रोज निघतो तो रात्रपाळीचा रखवालदार, बांधकामावरचा गवंडी, पेपर टाकणारा मुलगा, शाळेची विद्यार्थिनी. महापालिकेच्या सभेत त्यांच्या वतीने कोण बोलतं? बिल्ला गेला, पण त्यातलं भोक राहिलं आहे, असं मला कधी कधी वाटतं.

म्हणून 'त्यांची संस्कृतीच तशी' हे वाक्य मला पटत नाही. जमीन सपाट होती, हे खरं. पण ती १९७१ सालीही तितकीच सपाट होती आणि तरी मुलं मरत होती. तिथल्या आईबापांनी चौकात उभं राहून रस्ता मागितला, दुकानदारांचा राग सोसला, नगरप्रतिनिधींनी निवडणुकीची भीती बाजूला ठेवून पाट्या बदलल्या. हे सगळं ज्यांनी केलं त्यांतले काही आज हयात आहेत. त्यांना कुणी संस्कृती म्हटलं, तर ते बहुधा हसतील आणि आपण किती सभांना गेलो, ते मोजून दाखवतील.