नाक्यावरची राखण

श्रोतेहो, आपल्या टेंभुर्णीवरून पुणे-सोलापूर रस्त्याने रात्रभर ट्रक जातात. ताडपत्रीखाली काय आहे, ते नाक्यावर तपासणाऱ्यालाच कळायचे.

शीतयुद्धात अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांच्या अण्वस्त्रांना भिऊन राहिले. दोघांनाही आपापली शहरे राखायची होती. मरायलाच निघालेल्या दहशतवाद्याला असा धाक बसत नाही. पण त्याचा माल वाहणाऱ्याला आणि नाक्यावर डोळेझाक करणाऱ्याला जगायचे असते. धाक बसतो तो त्यांना.

जानेवारी १९९३ मध्ये रायगडच्या दिघी किनाऱ्यावर शस्त्रे उतरली. ती नेणाऱ्या गाड्या पोलिसांनी गोंडघर फाट्यावर अडवल्याही होत्या. लाच ठरली, गाड्या सुटल्या. पुढच्याच महिन्यात शेखाडीला आरडीएक्स उतरले आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. त्या पोलिसांना न्यायालयाने दोषी ठरवले, पण वर्षे लोटल्यावर.

याउलट २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलल्या, पण कसाबची रायफल सोडली नाही. कटाचा जिवंत पुरावा हाती लागला.

आता चिंता आहे अणुद्रव्याची, रोगजंतूंची. ती दहशतवाद्यांच्या हाती पडू नयेत म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००४ साली ठराव केला, भारताने २००५ साली कायदा. कायदा दिल्लीत होतो. त्याची परीक्षा मात्र अशाच एखाद्या फाट्यावर, मध्यरात्री होते.