मेरुरज्जूसाठी टोचण्याजोगे जैवपदार्थ

मेरुरज्जूच्या दुखापतीने पडलेल्या पोकळीत सुईने सोडायचे आणि तिथेच घट्ट होणारे मऊ जेल. मज्जातंतूंना पुन्हा वाढण्यासाठी आधार देणे हा त्यांचा हेतू. कोलॅजन, हायल्युरोनिक आम्ल, फायब्रिन, कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारे कायटोसॅन आणि प्रयोगशाळेत जुळवलेली पेप्टाइडे यांपासून ते करतात. नेहमीच्या उपचारांत त्यांना अजून जागा मिळालेली नाही.

करंगळीएवढा जाड मेरुरज्जू अपघातात सहसा तुटत नाही, चेंगरतो. पहिल्या माऱ्यातून वाचलेल्या पेशीही पुढे सूज, रक्तस्राव आणि दाहाने मरतात. काही आठवड्यांनी तिथे द्रवाने भरलेली पोकळी आणि भोवती वण उरतो. तंतूंची वाट बंद होते. अशा वेड्यावाकड्या पोकळीत तयार तुकडा बसवायचा तर धडधाकट भागही कापावा लागतो. पातळ द्रव मात्र बारीक सुईने आत जातो आणि तिथे घट्ट होतो. उदाहरणार्थ, मेथिलसेल्युलोजचे जेल तुपाच्या उलट वागते : गार असताना पातळ, उबेने घट्ट. पदार्थ रज्जूइतकाच मऊ हवा. हाडाच्या नळीत तो फुगला तर इलाजच अपाय ठरेल. तो विरघळायलाही हवा, पण तंतू वाढण्याआधी नव्हे.

२०२१ साली सॅम्युएल स्टुप यांच्या अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग सर्वांत गाजला. दुखापतीनंतर २४ तासांनी जेलचे एकच इंजेक्शन दिलेले उंदीर चार आठवड्यांत चालू लागले. सुमारे १२ आठवड्यांत पदार्थ जिरून गेला. जेलमधील रेणूंची हालचाल वाढवली तेव्हा परिणामही वाढला. बातम्यांनी यावरून फार मोठ्या आशा लावल्या. उंदराचा रज्जू इवलासा आणि दुखापत ठरवून केलेली. माणसाचे तसे नसते. ‘इनव्हिवो’ कंपनीचा सच्छिद्र रोपण-तुकडा (इंजेक्शन नव्हे) २०१४ मध्ये प्रथम माणसात बसवला गेला, पण २०२३ मध्ये त्याची चाचणी अपेक्षित फळ देऊ शकली नाही.

सोलापूरजवळच्या कुंभारीत अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, तशीच असंघटित कामगारांसाठी आखलेली ३०,००० घरांची रे नगर वसाहतही. अशा ठिकाणी हा विषय दूरचा नाही : भारतात मेरुरज्जूच्या दुखापतींची मुख्य कारणे म्हणजे उंचावरून पडणे आणि रस्त्यावरचे अपघात; परांचीवर चढणाऱ्या मजुराला दोन्हींचा धोका. पडलेल्याला खांदे-पाय धरून उचलले आणि रिक्षात कोंबले, की मोडलेला मणका सरकून उरलासुरला रज्जूही चेंगरू शकतो. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला फोन करावा, मान हलू देऊ नये, सपाट फळीवरच न्यावे. उद्या जेल हाती आले तरी ही पहिली पायरी चुकली तर त्याचा उपयोग थोडाच.

तोवर भिस्त आहे ती स्क्रू-सळयांनी मणका स्थिर करणे, रक्तदाब सांभाळणे आणि पुनर्वसन यांवर. पुण्यातील खडकीचे सैनिकांसाठीचे पक्षाघात पुनर्वसन केंद्र १९७४ पासून पुनर्वसनाचेच काम करते. घरी मात्र लघवीची नळी स्वच्छ ठेवणे आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे, हे रात्रीसुद्धा घरच्यांनाच करावे लागते.