पृच्छना : जैन परंपरेतील प्रश्न विचारण्याचे शिक्षण

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी मागे वळून पाहताना वास्तू, दानशूरांची देणगी आणि वर्षानुवर्षे चाललेले उपक्रम यांचे स्मरण आपण कृतज्ञतेने करतो. परंतु हे सारे ज्या विद्यार्थ्यांसाठी उभे राहिले, त्यांना आपण कसे शिकवत आलो, याचाही इतिहास आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पाठांतरापेक्षा चिकित्सक विचारावर भर दिला. तेव्हापासून हा शब्द सर्वत्र कानी पडतो आणि ही कल्पना बाहेरून आली असावी, असा पुष्कळांचा समज होतो. जैन वाङ्मयाचा थोडासा परिचयही हा समज दूर करण्यास पुरेसा आहे.

स्वाध्यायाची गणना आपल्याकडे अंतरंग तपात होते. तत्त्वार्थसूत्रात त्याचे पाच प्रकार क्रमाने येतात : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. म्हणजे प्रथम पाठ घ्यावा, मग प्रश्न विचारावा, मग मनन करावे, त्यानंतर घोकून पक्के करावे आणि शेवटी दुसऱ्यास सांगावे. उत्तराध्ययनसूत्रात आवृत्तीचा क्रम मननाच्या आधी आहे. परंतु पृच्छनेचे दुसरे स्थान दोन्हीकडे कायम आहे. प्रश्न विचारणे हे तप मानणारी ही परंपरा आहे, हे आपण विसरता कामा नये.

पृच्छना कशासाठी, हे पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत सांगितले आहे. संशय दूर व्हावा म्हणून अथवा निश्चित झालेली गोष्ट अधिक दृढ व्हावी म्हणून प्रश्न विचारावा. अकलंकदेवांनी राजवार्तिकात त्याला मर्यादाही घातली. स्वतःचा मोठेपणा मिरवण्यासाठी किंवा दुसऱ्याचा उपहास करण्यासाठी विचारलेला प्रश्न पृच्छनेत बसत नाही. चिकित्सा आणि कुचेष्टा यांतील हा भेद आजच्या वर्गातही तितकाच उपयोगी आहे.

आगमांची रचनाच या वृत्तीची साक्ष देते. श्वेतांबर परंपरेतील व्याख्याप्रज्ञप्ती, म्हणजेच भगवतीसूत्र, प्रामुख्याने गौतमस्वामींच्या प्रश्नांवर आणि भगवान महावीरांच्या उत्तरांवर उभे आहे. हेच इंद्रभूती गौतम प्रथम भगवंतांसमोर आले ते वाद करण्यासाठी. जीवाच्या अस्तित्वाविषयी त्यांच्या मनात शंका होती. जिनभद्रगणी क्षमाश्रमणांच्या विशेषावश्यकभाष्यातील गणधरवादात अकराही गणधरांची एकेक शंका नोंदली आहे आणि प्रत्येकीचे निरसन युक्तिवादाने केलेले आहे. शंका होती म्हणून कोणासही दूर लोटले नाही. शंका घेऊन आलेलेच पुढे गणधर झाले.

उपासकदशा सूत्रातील आनंद श्रावकाचा प्रसंग तर प्रत्येक शिक्षकाने ध्यानी ठेवावा असा आहे. आनंदाने आपणास झालेल्या अवधिज्ञानाची व्याप्ती सांगितली. गृहस्थास एवढे ज्ञान होणार नाही असे मानून गौतमस्वामींनी त्यास प्रायश्चित्त घेण्यास सांगितले. तेव्हा आनंदाने विनयाने विचारले की, सत्य बोलल्याबद्दलही प्रायश्चित्त असते काय? गौतमस्वामी भगवंतांकडे गेले. आनंद खरे बोलत असल्याचे कळताच ते परत आले आणि एका श्रावकाची त्यांनी क्षमा मागितली. प्रथम गणधरांच्या मोठेपणास यामुळे उणेपणा आला नाही, उलट तो वाढलाच.

पुढील आचार्यांनी हीच दृष्टी तर्कशास्त्रात नेली. समंतभद्रांची आप्तमीमांसा नावाप्रमाणेच आप्ताची परीक्षा करते. देवांचे आगमन, आकाशगमन, चामरे यांसारखे वैभव मायावी लोकांतही दिसते, तेवढ्यावरून कोणी पूज्य ठरत नाही, असे तेथे आरंभीच भगवंतांना उद्देशून म्हटले आहे. हरिभद्रसूरींनी महावीरांविषयी पक्षपात नको आणि कपिलादिकांविषयी द्वेष नको, ज्याचे वचन युक्तियुक्त त्याचा स्वीकार करावा, अशी भूमिका घेतली. सतराव्या शतकात उपाध्याय यशोविजयजी नव्यन्याय शिकण्यासाठी काशीस गेले, तेही याच परंपरेतून.

अनेकांताचा अर्थ ‘सर्वांचेच बरोबर’ असा सैल लावला जातो, तेव्हा या परंपरेवर अन्याय होतो. कोणते विधान कोणत्या अपेक्षेने खरे आणि कोठे त्याची मर्यादा संपते, हे ठरविण्यास अधिक कसून विचार करावा लागतो. वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेत याचे सुंदर दर्शन घडते. तेथे पदोपदी शंका उपस्थित करून समाधान दिले आहे. जेथे पूर्वाचार्यांची दोन मते आढळतात आणि निर्णयास आधार मिळत नाही, तेथे दोन्ही मते जपून ठेवली आहेत.

या धवलेच्या प्रकाशनाचा मान महाराष्ट्रातील अमरावतीस मिळाला. डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला भाग १९३९ मध्ये निघाला आणि १९५९ पर्यंत १६ भाग पूर्ण झाले. संपादकांपुढे मूडबिद्रीच्या मूळ ताडपत्रांवरून उतरत आलेल्या प्रती होत्या. सत्प्ररूपणेच्या ९३ व्या सूत्रात ‘संजद’ हे पद असावे असे टीकेच्या अर्थावरून त्यांना वाटले. परंतु प्रतीत ते नव्हते. त्यांनी मूळ पाठात गुपचूप बदल केला नाही, आपले मत तळटीपेत मांडले. त्यावरून समाजात मोठा वाद झाला. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांत पाहिले असता ते पद आढळले. शंका प्रामाणिकपणे नोंदवावी, आधार उघड ठेवावा आणि निर्णय मूळ पुराव्यावर सोपवावा, याचा हा वस्तुपाठ होय.

मात्र इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८८७ मध्ये कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांची चरित्रे सांगतात. माणसाच्या स्पर्शाने विटाळ कसा होतो, हा त्या मुलाच्या वर्तनातील प्रश्न होता. पृच्छनेस तप मानणाऱ्या समाजाच्या वसतिगृहास तो पेलला नाही. त्याच मुलाने पुढे १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली आणि सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली राहण्यास, एका पंगतीत जेवण्यास शिकविले. आज आपण त्यांना कर्मवीर म्हणून अभिमानाने गौरवितो. परंतु प्रश्न विचारणारा विद्यार्थी आपल्यासमोर उभा असतो, तेव्हा तो कर्मवीर झालेला नसतो. त्या क्षणी आपण काय करतो, यातच संस्थेची परीक्षा आहे.

यास्तव पाठशाळेत पाठांतर बंद करावे असे कोणी म्हणणार नाही. वाचना आणि आम्नाय यांना त्यांचे स्थान आहेच. परंतु प्रत्येक पाठानंतर पृच्छनेसाठी वेळ राखून ठेवता येईल. कोणत्याही विषयावर मत मांडण्यापूर्वी विद्यार्थ्याने समोरच्याचा पूर्वपक्ष त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत सांगावा आणि मगच उत्तरपक्षाकडे वळावे, असा परिपाठ ठेवता येईल. आपल्या आचार्यांची वादपद्धती हीच होती. आणि उत्तर ठाऊक नसेल तेव्हा ‘पाहून सांगतो’ असे म्हणण्याचा संकोच शिक्षकाने बाळगू नये. त्यासाठी गौतमस्वामींचे उदाहरण पुरेसे आहे.

पन्नास वर्षांत संस्थेने अनेक पिढ्यांच्या मुखी सूत्रे दिली. पुढील पन्नास वर्षांत त्या सूत्रांविषयी निर्भयपणे आणि विनयाने प्रश्न विचारणारी पिढी येथे घडो, हीच या शुभप्रसंगी सद्भावना.

जय जिनेंद्र!