अफगाण निर्वासित आणि यजमानांचे लोकमत

अफगाण निर्वासित आणि यजमानांचे लोकमत : डिसेंबर १९७९मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, तेव्हापासून देश सोडाव्या लागलेल्या अफगाणांना आसरा द्यावा का, कायमचे वसवावे का आणि आपल्यात सामावून घ्यावे का, याविषयी निरनिराळ्या देशांतील लोकांनी घेतलेल्या भूमिका. १९९०च्या सुमारास देशाबाहेर पडलेल्या अफगाणांची संख्या ६० लाखांच्या पुढे गेली होती आणि त्यांतले बहुतेक सगळे पाकिस्तान व इराण या दोनच देशांत होते. ऑगस्ट २०२१मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडल्यावर हा प्रश्न अमेरिका-युरोपच्या दारात नव्याने उभा राहिला. (अफगाणी हे त्या देशाच्या चलनाचे नाव. माणसांसाठी तोच शब्द इराणमध्ये हिणवण्यासाठी वापरला जातो; म्हणून या नोंदीत माणसांसाठी अफगाण हाच शब्द ठेवला आहे.)

या साऱ्या काळात यजमानांनी अफगाणांना दोन नात्यांनी घरात घेतलेले दिसते : एक पाहुणा म्हणून आणि दुसरे उपकाराची फेड म्हणून. दोन्ही नात्यांना मुदत असते. हक्कदार म्हणून त्यांना फार थोड्या ठिकाणी पाहिले गेले, आणि मत इतक्या लवकर का फिरते याचे उत्तर बरेचसे तिथेच सापडते.

पाकिस्तान : झिया-उल-हक यांच्या राजवटीने निर्वासितांचे स्वागत धर्माच्या भाषेत केले. मक्का सोडून आलेले मुहाजिर आणि त्यांना थारा देणारे मदिनेतील अन्सार, हा दाखला सरकारी भाषणांत असे. सरहद्द प्रांतातील पख्तुनांना त्याची गरजही नव्हती. भाषा एक, टोळ्या एक आणि दारी आलेल्याला परत न पाठवण्याची पख्तुनवलीची (पख्तुनांच्या आचारसंहितेची) शिकवण. पाकिस्तानने निर्वासितांविषयीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, तरी लाखो लोक राहिले. पेशावरभोवतीच्या छावण्यांची हळूहळू मातीच्या घरांची गावे झाली, आणि मालवाहतूक, गालिचे, वीटभट्ट्या या धंद्यांत अफगाणांनी जम बसवला.

१९८९मध्ये सोव्हिएत फौजा परतल्या, परदेशी मदत आटली आणि भाषा बदलू लागली. बेकायदा बंदुका आणि हेरॉइन यांचा उगम थेट छावण्यांत शोधला जाऊ लागला. ज्या युद्धाने निर्वासित आणले त्यानेच बंदुकाही आणल्या होत्या आणि ते युद्ध चालवण्यात पाकिस्तानी लष्कराचा वाटा मोठा होता, एवढे मात्र बोलताना सोईस्कर विसरले जाई. १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर पाकिस्तानी तालिबानने हल्ला करून १३०हून अधिक मुलांचा बळी घेतला, त्यानंतर उरलासुरला संकोचही गेला. २०१६मध्ये सुमारे सहा लाख अफगाण परतले. त्यांतल्या अनेकांना पोलिसांच्या जाचापुढे दुसरा मार्ग राहिला नव्हता.

त्याच वर्षी शरबत गुला हिला खोटे ओळखपत्र बाळगल्याबद्दल पेशावरात अटक झाली. १९८४मध्ये तिथल्याच नासिर बाग छावणीत छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांनी तिचा फोटो काढला होता आणि जून १९८५मध्ये तो 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर झळकला. हिरव्या डोळ्यांच्या त्या मुलीमुळे जगाला अफगाण निर्वासिताचा चेहरा मिळाला. ज्या देशात तिचे बहुतेक आयुष्य गेले त्या देशाचे कागद मात्र तिला मिळाले नाहीत. तिची अफगाणिस्तानात रवानगी झाली आणि २०२१च्या अखेरीस तिला इटलीने आश्रय दिला.

सप्टेंबर २०१८मध्ये पंतप्रधान इम्रान खान यांनी कराचीत जाहीर केले की पाकिस्तानात जन्मलेल्या अफगाण मुलांना नागरिकत्व देऊ. देशाचा १९५१चा नागरिकत्व कायदा वाचला तर त्यात नवे काही नव्हते. जन्माने नागरिकत्व त्यात आहेच. पण आपल्याच प्रांतात आपण अल्पसंख्य होऊ या धास्तीने सिंधी आणि बलुच पक्ष उठले आणि घोषणा बारगळली. ऑक्टोबर २०२३मध्ये कागदपत्रे नसलेल्या परदेशी नागरिकांना १ नोव्हेंबरपर्यंत निघून जाण्याचा हुकूम सुटला, आणि थोड्याच महिन्यांत पाच लाखांच्या आसपास अफगाण सीमेपलीकडे गेले. पाकिस्तानातच जन्मलेल्या आणि काबूल कधी न पाहिलेल्या तरुणांचाही त्यांत समावेश होता.

इराण : येथे छावण्यांचे प्रमाण कमी, अफगाण शहरांत राहिले आणि इमारती बांधण्यापासून कचरा वेचण्यापर्यंतची कष्टाची कामे त्यांच्याकडे आली. भाषा जवळची, पण तेवढ्याने दुरावा मिटला नाही. २०१५मध्ये सर्वोच्च नेते खामेनेई यांच्या आदेशाने कागदपत्रे नसलेल्या अफगाण मुलांनाही शाळा खुल्या झाल्या, हे श्रेय द्यायला हवे. जून २०२५मध्ये इस्राएलशी बारा दिवसांचे युद्ध झाले, अफगाणांवर हेरगिरीचा संशय पसरला आणि आधीच सुरू असलेल्या हकालपट्टीने वेग घेतला. त्या एका वर्षात दहा लाखांहून अधिक लोक इराणमधून परतले.

अमेरिका : निर्वासितांच्या बाबतीत अमेरिकी लोकमत सहसा आखडते. १९७५मध्ये गॅलपच्या चाचणीत व्हिएतनामी निर्वासितांना घेण्याच्या बाजूने ३६ टक्के आणि विरोधात ५४ टक्के लोक होते. २०२१मध्ये चित्र उलटे दिसले. काबूल विमानतळावरून १ लाख २० हजारांहून अधिक लोकांना बाहेर काढण्याची धडपड साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली. एका मालवाहू विमानात तर ८२३ जण दाटीवाटीने जमिनीवर बसून आले. सीबीएस या वाहिनीने विचारले की आपल्या सैन्यासोबत काम केलेल्या अफगाणांना येथे आणावे का, तेव्हा ८१ टक्के लोक हो म्हणाले, आणि रिपब्लिकन मतदारांतही मोठे बहुमत तेच सांगत होते. वॉशिंग्टन पोस्ट व एबीसीच्या चाचणीत सुरक्षा तपासणी झालेल्या अफगाण निर्वासितांना घेण्यास ६८ टक्के लोकांनी मान्यता दिली.

दोन चाचण्यांमधला हा फरक आकड्यांपेक्षा प्रश्नाच्या शब्दांतला आहे. 'सैन्यासोबत काम केलेला' म्हटले की डोळ्यांपुढे गस्तीवरचा दुभाषा येतो. 'निर्वासित' म्हटले की अनोळखी घोळका. प्रत्यक्षात आलेल्या सुमारे ७६ हजार लोकांत दुभाषे होते, तसेच त्यांची बायका-मुले, पत्रकार, न्यायाधीश आणि त्या गर्दीत फाटकापर्यंत पोचू शकलेले इतरही होते. संमती मिळाली ती दुभाष्याच्या नावावर.

या लोकांना आधी आठ लष्करी तळांवर ठेवले. विस्कॉन्सिनमधील फोर्ट मॅकॉय येथे सुमारे १३ हजार जण होते. शेजारची स्पार्टा आणि टोमा ही गावे त्यापुढे चिमुकली. गावकऱ्यांत कुरकुर होती, पण थंडी तोंडावर आली तशा देणगीच्या उबदार कपड्यांच्या राशीही जमल्या. तळांवरचे अधिकारी या लोकांना 'पाहुणे' म्हणत. शब्द आदराचा खराच, पण पेशावरचा अनुभव पाहता खटकणाराही. बहुतेकांना निर्वासिताचा दर्जा मिळालाच नाही. मिळाला तो दोन वर्षांचा तात्पुरता प्रवेश-परवाना. त्यापुढे कायमच्या वास्तव्याचा सरळ रस्ता नव्हता.

सामावून घेण्याच्या कामात सरकारबरोबर शेजाऱ्यांचाही वाटा होता. ऑक्टोबर २०२१मध्ये सुरू झालेल्या योजनेत पाच जणांनी एकत्र येऊन येणाऱ्या प्रत्येक माणसामागे किमान २,२७५ डॉलर उभे केले, की त्यांना एखाद्या कुटुंबाची जबाबदारी घेता येई : घर शोधायचे, मुलांना शाळेत घालायचे, आईला डॉक्टरकडे न्यायचे. माजी सैनिकांनी तर काबूल पडत असतानाच अमेरिकेत बसून फोनवरून आपल्या जुन्या दुभाष्यांना विमानतळाच्या फाटकापर्यंत वाट दाखवली होती. फ्रिमाँट हे कॅलिफोर्नियातील शहर सोव्हिएत युद्धानंतर आलेल्या अफगाणांमुळे 'छोटे काबूल' म्हणून आधीपासून ओळखले जाते. खालिद हुसैनी यांच्या 'द काइट रनर' या कादंबरीतून ते मराठी वाचकांनाही परिचित आहे. नव्याने आलेल्यांची मोठी अडचण घरभाड्याची होती. त्याखालोखाल पदव्यांची : काबूलचा डॉक्टर येथे डॉक्टर राहत नाही.

तात्पुरता परवाना पक्का करू पाहणारे 'अफगाण अ‍ॅडजस्टमेंट अ‍ॅक्ट' हे विधेयक ऑगस्ट २०२२मध्ये मांडले गेले. दोन्ही पक्षांचे प्रायोजक आणि माजी सैनिकांच्या संघटनांचा जोर असूनही ते मंजूर झाले नाही. ८१ टक्के लोकांना पटलेली गोष्ट संसदेत अडकते, कारण त्या लोकांपैकी फारसे कोणी त्या एका मुद्द्यावर मत देत नाही. विरोधक मात्र देतात. जानेवारी २०२५मध्ये ट्रम्प यांनी निर्वासितांचा प्रवेशच स्थगित केला आणि जूनमध्ये प्रवेशबंदीच्या यादीत अफगाणिस्तानला घातले. २६ नोव्हेंबरला वॉशिंग्टनमध्ये नॅशनल गार्डच्या दोन जवानांवर गोळीबार झाला. एकीचा मृत्यू झाला. संशयित अफगाण होता, २०२१मध्ये आलेला आणि पूर्वी सीआयएच्या आधाराने चालणाऱ्या तुकडीत लढलेला. म्हणजे तपासणीच्या कुठल्याही यादीत 'आपला माणूस' ठरणारा. सरकारने अफगाणांच्या अर्जांवरील काम थांबवले. एकाचा गुन्हा आणि शिक्षा सगळ्यांना, हा पेशावरचाच क्रम.

युरोप : मार्च २०२२मध्ये युक्रेनियन लोकांसाठी युरोपीय संघाने तात्पुरत्या संरक्षणाचा जुना नियम काही दिवसांत लागू केला, सहाच महिन्यांपूर्वी अफगाणांसाठी तो वापरला नव्हता. जर्मनीने २०२२मध्ये खास प्रवेश योजना आखली. मे २०२४मध्ये मानहाइमच्या बाजारचौकात एका अफगाणाने पोलिसाला भोसकून मारले आणि ऑगस्टअखेर शिक्षा झालेल्या २८ अफगाणांना घेऊन विमान काबूलला गेले. २०२५च्या नव्या सरकारने योजना आवरती घेतली. तेव्हा लेखी आश्वासन मिळालेले दोन हजारांवर लोक इस्लामाबादच्या गेस्टहाऊसमध्ये व्हिसाची वाट पाहत होते. दिलेला शब्द पाळावाच लागेल, असे बर्लिनच्या न्यायालयाने सरकारला सुनावले. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२१मधला मोठा वाद वेगळाच होता : एका प्राणिप्रेमी संस्थेची कुत्री-मांजरे काबूलहून आणण्यासाठी लोकांनी एवढा दबाव आणला, की संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांना माणसे आधी हे जाहीरपणे सांगावे लागले.

भारत : मराठीत अवाच्या सवा व्याजाला 'पठाणी व्याज' म्हणतात. गिरणगावात पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर काठी घेऊन उभा राहणारा पठाण सावकार त्यामागे आहे. फेब्रुवारी १९२९मध्ये पठाण मुले पळवतात या अफवेवरून मुंबईत दंगल पेटली होती. आजचे मत इतके कडवट नाही. पुण्यातील महाविद्यालयांत शिष्यवृत्तीवर शिकणारे अफगाण विद्यार्थी अनेक वर्षे दिसत आले आहेत. ऑगस्ट २०२१मध्ये भारताने देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे सर्व व्हिसा रद्द केले, तेव्हा सुटीसाठी घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. १९५१चा करार भारतालाही मान्य नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. दिल्लीच्या लाजपतनगरातला नानवाई (नान भाजणारा), टिळकनगरातला काबूलचा शीख आणि पुण्यातला विद्यार्थी हे तिघेही कायद्याच्या लेखी परदेशी नागरिकच आहेत. त्यांतला शीख ३१ डिसेंबर २०१४पर्यंत भारतात आला असेल, तर २०१९च्या दुरुस्तीनुसार त्याला नागरिकत्वाचा अर्ज करता येतो.