लॅपटॉपच्या हीटसिंकमधील तांब्याच्या नळीचा इतिहास

१/ लॅपटॉपचा हीटसिंक बदलताना त्यावर एक चपटी तांब्याची नळी दिसते. ती भरीव वाटते. प्रत्यक्षात पोकळ आणि दोन्ही टोकांना कायमची बंद असते. हीच ‘हीट पाइप’. तिचा जन्म संगणकासाठी झालेला नाही.

२/ जनरल मोटर्सचे अभियंते रिचर्ड गॉगलर यांनी शीतकपाटासारख्या यंत्रांसाठी ही कल्पना मांडली. १९४२ मध्ये अर्ज केला, १९४४ मध्ये पेटंट मिळाले; कल्पना मात्र कागदावरच राहिली.

३/ १९६३ मध्ये लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी तीच युक्ती स्वतंत्रपणे शोधली. त्यांच्यासमोर प्रश्न होता अंतराळयानातील अणुऊर्जेच्या उष्णतेचा. ‘हीट पाइप’ हे नाव त्यांचेच.

४/ लॅपटॉपच्या नळीत थोडे पाणी असते. हवा काढून घेतल्याने ते कमी तापमानालाच उकळते. प्रोसेसरपाशी त्याची वाफ होते, पंख्यापाशी वाफेचे पुन्हा पाणी. समईची वात तेल ओढते, तसे सच्छिद्र अस्तर ते पाणी माघारी ओढते. पंप नको, वीज नको.

५/ हे केशाकर्षण गुरुत्वाकर्षणावर विसंबत नाही. म्हणून १९६७ मध्ये हीट पाइपची चाचणी अंतराळात झाली. आणि १९९० च्या दशकात प्रोसेसर तापू लागले, तेव्हा कसाही कलणाऱ्या लॅपटॉपलाही तीच उपयोगी पडली.

६/ नळीला बारीक चीर गेली, तरी आत हवा शिरते आणि हे चक्र मोडते. वरून डाग देऊन ती पोकळी परत येत नाही. म्हणूनच हीटसिंक दुरुस्त होत नाही, अख्खा बदलला जातो.