कुपीची किंमत

गावच्या घराचं छप्पर गळायला लागलं, तेव्हा धाकट्या भावाचा फोन आला. "भाईजान, दादाजानची ती अत्तराची कुपी विकून टाकू. जुन्या काचेला आता लाखात भाव आहे म्हणे." कुपी माझ्याकडेच होती. रुमालात गुंडाळून ती घेऊन मी मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर गेलो.

दुकानदार चाचांनी आधी ती उलटी केली. बुडाशी एक खरखरीत वण होता. काच फुंकून झाल्यावर कारागीर बाटली सळईच्या टोकाला चिकटवून धरतो; ती सळई तोडून काढल्याची ही खूण. मग त्यांनी साच्याची रेघ शोधली. रेघ थेट ओठावर चढलेली असेल, तर बाटली यंत्राची, विसाव्या शतकातली. आमच्या कुपीवर रेघच नव्हती. काचेचं बूच त्याच तोंडासाठी घासून बसवलेलं, कुठे टवका नाही. सगळं पाहून त्यांनी विचारलं, "मियाँ, चीज अच्छी है. मगर कागज कुछ है क्या? किसकी थी, कहाँ से आयी?"

कागद नव्हता. त्यांनी सांगितलेल्या रकमेत छपराचे चार पत्रेसुद्धा आले नसते.

परतताना लोकलमध्ये मला दुसरी एक बाटली आठवत होती. सतराव्या शतकातली, मोगल कारागिरांनी घडवलेली. जेड हा दगड इतका कठीण की तो छिन्नीने कोरत नाहीत, घासून घासून आकाराला आणतात. त्या जेडवर सोन्याच्या कोंदणात माणकं आणि पाचू जडवलेले. ही सुरई रॉबर्ट क्लाईव्हने हिंदुस्तानातून इंग्लंडला नेली. एप्रिल २००४ मध्ये लंडनच्या क्रिस्टीजमध्ये तिचा लिलाव झाला आणि कतारच्या शेख सौद अल-थानी यांनी ती सुमारे २९ लाख पौंडांना घेतली.

रत्नांची आणि घडणीची किंमत त्यात होतीच. पण चाचांच्या प्रश्नाचं उत्तरही त्या सुरईपाशी तयार होतं. किसकी थी? क्लाईव्हची. १७५७ च्या प्लासीनंतर मीर जाफरकडून २ लाख ३४ हजार पौंड घेणारा, आणि पुढे संसदेच्या चौकशीत आपण किती थोडक्यावर भागवलं याचंच नवल वाटतं, असं म्हणणारा हाच तो क्लाईव्ह. जिंकणाऱ्याचं घर शाबूत राहतं, म्हणून त्याच्या वस्तूंचा इतिहासही शाबूत राहतो. सुरई आज त्याच्या नावाने ओळखली जाते. ती घडवणाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

आमच्या कुपीला लंडनचा रस्ता तसाही बंद आहे. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते. ती विकण्यासाठी देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. कायदा चांगलाच आहे. क्लाईव्ह मात्र त्याच्या दोनशे वर्षं आधी निघून गेला होता.

घरी येऊन अम्मीला विचारलं, "कागद का नाहीत?" ती म्हणाली, "होते की. पेटीभर होते." आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अॅक्शन झाली, गावोगाव घरं लुटली गेली. दादी लेकरांना घेऊन रात्री निघाली. हाताला लागली ती कुपी तिने ओढणीत बांधली. महिन्याने परतली तेव्हा पेटी नव्हती. जमिनीचे कागद, दादाजानच्या पावत्या, पत्रं, सगळं गेलं होतं.

ज्या प्रश्नामुळे कुपीची किंमत पडली, त्याचं उत्तर इतकी वर्षं अम्मीकडे होतं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं. आपल्या कितीतरी घरांतली तांब्याची भांडी, पानदानं, गुलाबदाण्या अशाच वजनावर जातात. मोल करणारा खोटा नसतो. त्याच्यापुढे ठेवायला आपल्याकडे काही नसतं.

त्या रात्री अम्मी बोलत गेली आणि मी लिहीत गेलो. तारीख घातली, खाली तिची सही घेतली. पत्र्याचे पैसे भावाने आणि मी निम्मे निम्मे भरले. कागद घडी करून कुपीबरोबर त्याच रुमालात बांधून ठेवला आहे.